पहिला गेमिंग पीसी दोन हप्त्यांत: ग्राफिक कार्ड नंतर येणार असेल तर आज काय घ्यावं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसजवळच्या गावात राहता, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. पीसीसाठी एकूण ५० हजार आहेत. त्यातले ३० हजार सोयाबीनचे, आता हातात. बाकीचे २० हजार कापूस आणि तूर विकल्यावर. घरी जुना, फक्त व्हीजीए पोर्टचा मॉनिटर आहे. खेळायचं आहे व्हॅलोरंट आणि जीटीए ५. तुमची यादी अशी: इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच५१० चा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर५ रॅम एकच, कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा), १ टीबीची हार्ड डिस्क, आणि दुसऱ्या हप्त्यात सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक कार्ड. विचारलंय, हे सगळं एकमेकांना जुळतं का?

नाही जुळत. आय५-१२४००एफ हा एलजीए १७०० सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) प्रोसेसर आहे, आणि एच५१० बोर्डाचं सॉकेट एलजीए १२००, म्हणजे १० व्या आणि ११ व्या पिढीचं. प्रोसेसर त्यात बसणारच नाही. डीडीआर५ रॅमही त्या बोर्डात जाणार नाही, कारण तो डीडीआर४ चा आहे आणि दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. या दोन चुका दुकानदाराच्याही लक्षात येतील, तुम्हाला बोर्ड बदलून एच६१० देतील आणि विषय संपला असं वाटेल. पण तुमची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती दुकानात कोणी सांगेलच असं नाही.

तुम्ही मशीन दोन हप्त्यांत घेताय. म्हणजे पहिल्या हप्त्यात जे घ्याल ते एकट्याने चाललं पाहिजे, आणि दुसऱ्या हप्त्यातलं कार्ड आलं की त्यातलं काहीही फेकावं लागू नये. १२४००एफ मधला शेवटचा 'एफ' म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. सगळं नीट जोडा, पंखे फिरतील, लाइट लागतील, आणि मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. कापूस विकेपर्यंत मशीन नुसतं घरात पडून राहील. त्याहून वाईट म्हणजे त्या महिन्यांत एखादा भाग खराब असला तरी कळणार नाही, आणि बदलून द्यायची दुकानदाराची मुदत निघून जाईल. मी तालुक्याच्या गावी असेंब्लीचं आणि दुरुस्तीचं काम करतो. 'डिस्प्ले येत नाही' म्हणून नवंकोरं मशीन घेऊन आलेल्या पोरांमध्ये हा 'एफ' वारंवार भेटतो.

तर प्रोसेसरचे दोन मार्ग उरतात. कोणता घ्यायचा हे तुमच्या घरच्या हिशेबावर आहे.

पहिला मार्ग, आय५-१२४००, एफ नसलेला. त्यात यूएचडी ७३० हे साधं ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर चालेल, जीटीए ५ साठी रिझोल्यूशन बरंच खाली आणावं लागेल. पण कार्ड आलं की हा प्रोसेसर पूर्ण ताकदीने काम करेल. सोबत एच६१० किंवा बी६६० चा बोर्ड लागेल. इथे एक गोष्ट नीट तपासा: एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ चे असतात, काही डीडीआर५ चे, आणि नावात फक्त एका अक्षराचा फरक असतो. खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं वाचूनच रॅम घ्या.

दुसरा मार्ग, एएमडीचा रायझन ५ ५६००जी. सॉकेट एएम४, रॅम डीडीआर४. यातलं ग्राफिक्स यूएचडी ७३० पेक्षा बरंच दमदार आहे. व्हॅलोरंट छान चालतो, जीटीए ५ कमी-मध्यम सेटिंगवर खेळता येतो. किंमत मोजावी लागते ती पुढे. याच्यात एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, ग्राफिक्स नसलेल्या ५६०० मध्ये ३२ एमबी. शिवाय ५६००जी कितीही चांगल्या बोर्डात लावला तरी कार्डाला पीसीआय एक्सप्रेस (बोर्ड आणि कार्ड यांच्यामधली डेटाची वाट) ३.० चाच वेग देतो, ४.० चा नाही. म्हणजे कार्ड आल्यावर तो १२४०० च्या थोडा मागे राहील.

फेब्रुवारीपर्यंत कार्ड नक्की येणार असेल तर १२४०० घ्या, असं मी म्हणेन. पण पिकाच्या पैशाची तारीख आपल्या हातात नसते. बोंडअळी आली, भाव पडला, घरात दवाखान्याचा खर्च निघाला, तर कार्ड वर्षभर पुढे जाऊ शकतं. तुमच्या जागी मी असतो तर ५६००जी घेतला असता, कारण दुसरा हप्ता लांबला तरी खेळायला मशीन हातात राहतं.

५६००जी घेतला तर रॅमचा मुद्दा नुसता 'किती जीबी' एवढाच उरत नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्याच रॅममधून वाटा घेतं आणि तिच्याच वेगाने चालतं. म्हणून ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तर ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी काम करतात, आणि फ्रेम्समध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांमध्ये) डोळ्यांना जाणवेल इतका फरक पडतो. ३२०० मेगाहर्ट्झच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या, बोर्डातल्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमच्या पूर्ण वेगाचं सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव फार चढले आहेत. दोन पट्ट्या बजेटमध्ये बसत नसतील तर आज एक घ्या आणि तिचा मॉडेल नंबर जपून ठेवा. ५६००जी अर्ध्या दमाने चालेल, पण दुसरी पट्टी कधीही लावता येते.

बोर्ड बी५५० चा मिळाला तर उत्तम, ए५२० चालेल. बी४५० चा जुना स्टॉक मात्र विचारून घ्या. तो बोर्ड २०१८ चा आहे, ५६००जी २०२१ चा. बोर्डात जुनं बायोस असेल तर नवा प्रोसेसर ओळखला जात नाही, पुन्हा डिस्प्ले नाही. दुकानदाराला स्पष्ट म्हणा, "बायोस अपडेट करून, माझ्यासमोर चालू करून द्या." इंटेलकडे १२४०० साठी ही भानगड नाही, एच६१० बोर्ड त्याच पिढीसोबत आलेत. तिथे १३ व्या-१४ व्या पिढीचा प्रोसेसर घेताना हाच प्रश्न येतो.

हार्ड डिस्क काढून टाका आणि ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डात बसणारी, खूप वेगवान डिस्क) घ्या. यावर जास्त लिहीत नाही, फरक पहिल्या दिवशीच दिसेल. फक्त जीटीए ५ एकटाच १०० जीबीच्या पुढे जागा खातो हे लक्षात ठेवा, आणि तो गावातल्या नेटवर उतरवायला किती वेळ लागेल याचाही विचार करा.

आता एसएमपीएस. तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, आणि इथेच मी हट्टाने सांगेन.

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं. त्याच्या बाजूच्या स्टिकरवर तक्ता असतो, तो वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइन मिळवून फुगवलेला असतो, त्याचा गेमिंगला उपयोग नाही. चांगल्या कंपनीच्या, ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर मिळते. आता तुमची गरज बघा. आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२ वॅट घेतं, १६६० सुपर १२५. ५६००जी पूर्ण लोडवर साधारण ९० वॅटच्या आसपास. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून एकूण तीनशेच्या आत. म्हणजे दमदार ४५० पुरतो, ५५० घेतला तर निवांत. ७५० ची गरज नाही, कोणी गळ्यात मारायला आलं तरी.

आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मोलाची आहे. एसएमपीएसची ताकद कोणत्या तापमानाला मोजली आहे, हे चांगल्या कंपन्या लिहितात, ४० अंश किंवा ५० अंश. स्वस्त एसएमपीएसची ताकद २५ अंशाला मोजलेली असते, किंवा काही लिहिलेलंच नसतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या घरात खोलीचंच तापमान चाळिशी पार करतं, आणि एसएमपीएस तर त्याहून गरम हवेत काम करतो. पुण्यात चालणारी यादी यवतमाळला जशीच्या तशी चालेलच असं नाही, ते यासाठी.

लाइनचंही तसंच. तुमचं घर गावठाण फीडरवर आहे की शेतात, शेतीपंपांच्या लाइनवर? गावठाणात असाल तर व्होल्टेज बरं राहतं. शेतात असाल तर हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) पंप सुरू झाले की व्होल्टेज पार खाली जातं. वायरमनकडून मल्टिमीटर लावून रात्री आणि पंप चालू असताना, दोन्ही वेळा मोजून घ्या. २३० च्या आसपास असेल तर प्रश्न नाही. फार खालीवर होत असेल तर आधी स्टॅबिलायझर किंवा चांगला यूपीएस, मग कार्ड.

त्याच मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती व्होल्ट दिसतात तेही बघायला सांगा. दोन-तीन असतील तर ठीक. जास्त असतील, किंवा अर्थिंगचं तिसरं भोक नुसतं नावाला असेल, तर आधी ते करा. नवीन मशीनच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार गावाकडून खूप येते. त्यात मशीनचा दोष नसतो. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट कॅबिनेटवर सोडतात आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. वाट नसली की तो तुमच्या हातातून जातो. आपल्या काळ्या जमिनीचा त्रास असा, की उन्हाळ्यात ती भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीला मातीचा स्पर्शच राहत नाही. जानेवारीत बरोबर असलेलं अर्थिंग मेमध्ये बिघडतं. कोळसा-मीठ घातलेला खड्डा करा आणि उन्हाळ्यात अधूनमधून त्यात पाणी ओता.

यूपीएस घेताना वॅट बघा, व्हीए नाही. ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॅटचा असतो. मशीन आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो. कार्ड आल्यावर गेम चालू असताना लाइन गेली तर तो ओव्हरलोड होऊन लगेच बंद पडू शकतो. १००० व्हीएचा घ्या, गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर लाइन गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. आणि वीज कडाडायला लागली की प्लग आणि नेटची केबल, दोन्ही काढा. यूपीएस त्यापासून वाचवत नाही.

कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या. समोर पूर्ण काच असलेली दिसायला छान, पण पंख्यांना हवा मिळत नाही. समोर हवा आत घेणारा एक पंखा, मागे बाहेर टाकणारा एक, एवढं पुरे. ५६००जी सोबत कंपनीचा कूलर येतो, तो चालतो. खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही वर जातो. डिसेंबरमध्ये ६५ दाखवणारा मे मध्ये ८५ दाखवेल, त्याने घाबरू नका. त्याची मर्यादा ९५ आहे. पण जाळीवर कापसाचा पुंजका आणि धूळ बसली असेल तर तोही गाठेल. तुमच्याकडे कापूस घरातच साठवत असतील तर दर महिन्याला जाळी काढून झटका. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरगर फिरू देऊ नका.

खोलीतल्या वाळ्याच्या कूलरबद्दल खास सांगतो. बरेच जण मशीन थंड राहावं म्हणून कूलर थेट पीसीच्या समोर लावतात. तसं करू नका. कूलरच्या हवेत बारीक तुषार असतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार त्यांच्यासोबत आत जातात. बोर्डाच्या पिनांवर पांढरा-हिरवा थर आला की वॉरंटीवालेही हात वर करतात. कूलर खिडकीत राहू द्या, झोत तुमच्यावर येऊ द्या, मशीन बाजूला ठेवा.

आता दुसऱ्या हप्त्याकडे येऊ. तुमचा मॉनिटर व्हीजीएचा आहे. ए५२०, एच६१० च्या बऱ्याच बोर्डांवर व्हीजीए पोर्ट असतं, म्हणून पहिल्या हप्त्यात सगळं सुरळीत चालेल. पण हल्लीच्या ग्राफिक कार्डांवर व्हीजीए नसतंच. कार्ड लावल्यावर मॉनिटर जोडायला एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या, दोन टोकांची नुसती केबल चालत नाही. आणि मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असेल तर त्यावर आरएक्स ६६०० ची ताकद वाया जाईल. तेव्हा त्या २० हजारांत फुल एचडी मॉनिटर आणि लहान कार्ड, की मोठं कार्ड आणि जुनाच मॉनिटर, हे तुम्हाला ठरवावं लागेल. कॉलेजचं वाचन-लेखन याच पडद्यावर होणार असेल तर मी आधी मॉनिटर घेईन. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॅटमध्ये चालतं, बहुतेक मॉडेलला वेगळी पॉवर केबलही लागत नाही. मॉनिटरसोबत तसं लहान कार्ड बसतं का, ते त्या वेळच्या भावात बघा.

एक कार्ड मात्र टाळा, आरएक्स ६५०० एक्सटी. स्वस्तात दिसेल आणि मोह होईल. ते पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेनवर चालतं. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर ठीक, पण ५६००जी ३.० च देतो, आणि तिथे ते गुदमरतं. त्यात मेमरी ४ जीबी, म्हणजे ती भरली की त्याच अरुंद वाटेने रॅमकडे धावावं लागतं. ६६०० आठ लेनचं आहे, त्याला ३.० वर फारसा फरक पडत नाही.

सेकंडहँड १६६० सुपर वाईट कार्ड नाही. पण यातली खूप कार्डं क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस चाललेली आहेत. कुरिअरने, फोटो बघून घेऊ नका. विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालवा, पडद्यावर ठिपके-रेषा येतात का बघा, पंख्याचा आवाज ऐका, स्क्रूची तोंडं झिजलीत का बघा. बिल आणि वॉरंटी शिल्लक असेल तरच. सेकंडहँड प्रोसेसर आणि रॅम मी बिनधास्त लावतो. सेकंडहँड एसएमपीएस कधीच नाही.

ऑनलाइन 'आय७, १६ जीबी, गेमिंग पीसी' म्हणून अगदी स्वस्त सेट दिसतात, त्यांत बहुतेक तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि एच६१ चा बोर्ड असतो. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनच्या सुरक्षेच्या दोन सोयी) लागतं, म्हणजे तुमचा मुख्य गेमच अडेल. ५६००जी आणि १२४०० दोघांतही हे आहे, फक्त बायोसमध्ये चालू करून घ्या.

खरेदी यवतमाळला करा की अमरावती-नागपूरला, पण प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकाच दुकानातून, एकाच बिलावर घ्या. तीन ठिकाणून शे-दोनशे वाचवून घेतलं आणि डिस्प्ले आला नाही, तर तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतील, आणि एसटीच्या चकरा तुमच्या होतील. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत माल पाठवायचा कुरिअर खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा. इंटेलचा बोर्ड असेल तर सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी जपून ठेवा. पिना बोर्डात असतात, आणि टोपीशिवाय आलेला बोर्ड वॉरंटीत घ्यायला कां-कू करतात. मशीन तिथेच जोडून, बायोसमध्ये दोन्ही पट्ट्या दिसतात ना ते बघून मगच निघा. गाडीत कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्डाची बाजू खाली. दुसऱ्या हप्त्यात कार्ड लावून घेण्यासाठी मशीन नेलंत, तर परत येताना कार्ड काढून वेगळ्या खोक्यात आणा. रस्त्यातल्या हादऱ्यांनी कार्डाचं वजन बोर्डाच्या स्लॉटवर येतं.

पैसे कमी पडले तर बी५५० च्या जागी ए५२० घ्या, दिव्यांचे पंखे सोडा, कीबोर्ड-माउस साधे घ्या. एसएमपीएसला हात लावू नका.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: घर गावठाणात की शेतात, मॉनिटरच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, आणि पीसी ठेवायच्या टेबलाखाली किती उंच-खोल जागा आहे. ते कळवलं की कॅबिनेट आणि यूपीएस नेमका कोणता, ते सांगतो. आरएक्स ६६०० ची दोन पंख्यांची कार्डं लहान कॅबिनेटमध्ये सहज बसतात, तीन पंख्यांची काही समोरच्या पंख्याला अडतात, म्हणून ते माप आधी लागेल.